खोत साहेबांची शिडी

खोत साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त बूट दिसत होते. बाकी सगळं अंग बंबाखाली होतं. भिवंडीच्या अग्निशमन केंद्राचे नवे प्रमुख अंगावर ऑइल सांडून घेत नट आवळताहेत, हे पाहून माझे मामा बिचकलेच. मामा नगरसेवक. मला नोकरीला चिकटवायला ते अंजूरहून घेऊन आले होते.

"भाचा हाय माजा," मामा म्हणाले. "बगा जरा."

"बघतो ना." साहेब बाहेर आले, हात पुसले आणि आवारातल्या शिडीकडे बोट केलं. "चढ."

अर्ध्यावर मी खाली पाहिलं आणि शिडीला मिठीच मारली. मी खाली उतरलो. मामा तापले, पण साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घराला आग लागली, तर ह्याला पाठवू?"



"महिन्यानं परीक्षा आहे. सगळ्यांना एकच," साहेब मला म्हणाले. "तोवर रोज सकाळी ये. शिकवतो."

साहेब शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. पुढाऱ्याची चिठ्ठी आणली की नोकरी, असा तेव्हा सगळीकडेच रिवाज. "आग चिठ्ठी वाचत नाय रे," ते म्हणायचे. आम्ही चहा तोंडाला लावला की नेमकी घंटा वाजवायचे. ग्लास टाकून आम्ही धावायचो, होज पाइप जोडायचो, पाणी सुटलं की पोरांसारखे ओरडायचो. म्हातारे ड्रायव्हरसुद्धा शर्यत लावू लागले. आज साहेब नाहीत, पण चहा घेताना माझा एक कान अजून घंटेकडे असतो. परीक्षेच्या दिवशी मी शिडीच्या टोकावरून हात हलवला, तेव्हा खाली साहेबांनी चक्क टोपी उडवली!

मी नोकरीला लागलो आणि मग एका दुपारी खरी घंटा झाली. शेलार गावाच्या वाटेवर पॉवरलूमचा कारखाना पेटला होता आणि माळ्यावर एक कारागीर अडकला होता. "शिडी!" साहेब ओरडले. घाबरायला वेळच मिळाला नाही. धुरातून खिडकी दिसली, आत शिरून कारागिराला खांद्यावर घेतलं. आमच्या पोरांनी खालून पाण्याचा मारा असा धरला, की ज्वाळा माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. उतरताना प्रत्येक पायरी पायांना पाठ होती.

जमिनीवर टेकल्यावरही तो माझी कॉलर सोडेना. खोकत खोकत विचारू लागला, "किसके लडके हो, भाई?"

हा प्रश्न आला की मी मामांचं नाव सांगायचो. तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांचा भिजलेला हात माझ्या पाठीवर पडला.

"फायरमन है," ते म्हणाले. "हमारा फायरमन."