वाकणीवरचे बुडबुडे

सून शीट तयार करायची आणि सासरे त्या वाकवायचे. यंत्रांवर बसवायची पारदर्शक प्लास्टिकची झाकणं त्या कारखान्यात बनत. शीटवरचा पापुद्रा सोलायचा, कडा घासायच्या, पुसून भट्टीत ठेवायची आणि आत मुरलेला दमटपणा घालवायचा, हे तिचं काम. दमटपणा राहिला की तापल्या तारेवर शीट मऊ होताना आत बुडबुडे उठत आणि झाकण भंगारात जाई.

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. शीट कधी मऊ झाली हे ते नुसत्या चकाकीवरून ओळखत. सुनेला त्यांनीच शब्द टाकून कामाला लावलं होतं.

मग बुडबुडे यायला लागले. मालकांनी तिला बोलावून सुनावलं. तिने शीट आणखी वाळवल्या. तरी तेच. झोपेतही तिचे हात काहीतरी पुसत असतात, अशी नवरा थट्टा करायचा. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्याच शीटचा एक तुकडा तारेवर धरला आणि मऊ होताच वाकवला. वाकण काचेसारखी स्वच्छ निघाली. शीट ओल्या नव्हत्याच. सासरे त्या नको इतक्या तापवत होते, बुडबुडे त्यामुळेच येत होते. चकाकी त्यांना दिसत नव्हती.

ती गप्प बसली. ज्या माणसाने तिला उभं केलं, त्याला उघडं पाडायचं कसं?

मालकांनी तिला पॅकिंगला बसवलं आणि भट्टीवर दुसरी बाई आणली. बुडबुडे काही थांबेनात. ती बाई पॅकिंगच्या टेबलाशी येऊन विचारायची, माझं काय चुकतंय हो ताई? ही खाली मान घालून म्हणायची, अजून थोडं वाळवून बघा. आठवडा संपता संपता मालकांनी त्या बाईला घरचा रस्ता दाखवला.

त्या संध्याकाळी सासरे जेवायला बसले, तेव्हा तिला राहवलं नाही.

“बाबा, शीट ओल्या नसतात. तुम्हाला नीट दिसत नाहीये.”

“म्हणजे मी आंधळा झालो?”

“डॉक्टरांना एकदा दाखवू या.”

ते भरल्या ताटावरून उठले. नवरा तिच्यावरच उखडला.

सोमवारी सासरे आधी मालकांकडे गेले. आत काय बोलले ते तिला कळलं नाही. बाहेर येऊन ते पॅकिंगच्या टेबलापाशी थांबले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “शेजारी उभी राहा. मऊ झाली की सांग.”

तिने सांगितलं. त्यांनी वाकवलं. एकही बुडबुडा आला नाही. घरी मात्र अबोला कायम राहिला. सासरे समोर बसून नातवाला सांगायचे, आईला म्हणावं पाणी दे.

त्या बाईला परत घ्या, असं तिने मालकांना विनवलं. ते तयार झाले. तो निरोप द्यायला ती स्वतःच त्या बाईच्या दारात गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं. बाईने एवढंच विचारलं,

“मी विचारत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

येणार की नाही ते न सांगताच बाईने दार लावून घेतलं.