गयाअक्काची कॅसेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात आम्ही दुपारभर बोलत बसायचो, एकमेकांच्या जुन्या चुका काढून हसायचो, तेव्हासुद्धा हे तेवढं पोटातच ठेवलं. लेकीला सांगणं तर शक्यच नाही – का, ते पुढे कळेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे यातही धीर असा काही नाहीच.

गेल्या वर्षभरात मी जरा प्रसिद्ध झालोय. हसू नका. बीदरच्या मैलूरमध्ये राहणारा, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेला, गुडघेदुखीचा माणूस – त्याला इंग्लंडमधून मेल येतात. तिकडे एके काळी तरुण पोरांनी खेड्यापाड्यातली जुनी गाणी गोळा केली, त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम लावले आणि धमाल उडवून दिली. फोक-रॉक म्हणतात त्याला. त्या भरातल्या एका गटाची तालीम कुणीतरी टेप केली होती. त्यांची रेकॉर्ड कधी निघाली नाही, मूळ टेपही हरवली. तिची एकुलती एक नक्कल बीदरमध्ये माझ्या ट्रंकेत निघाली. बायको गेल्यावर लेक ट्रंक आवरत होती, तिला सापडली, आणि तिने ती गाणी इंटरनेटवर टाकली. आता तिकडचे म्हातारे लिहितात, तुम्ही आमचं तारुण्य सांभाळून ठेवलंत. गाण्यात मधेच कावळा ओरडतो, तोही त्यांना आवडतो. तो आमच्या अंगणातला कावळा.

सांभाळून ठेवलंत! हा शब्द वाचला की मला घाम फुटतो.

ती गाणी आणली टोनीने. मी बी.ए.ला होतो तेव्हा काळ्या धातूत चांदी ठोकायचं आमचं बिदरीचं काम शिकायला हा इंग्रज आमच्या शेजारी खोली घेऊन राहिला होता. उंच, लाजरा, भाकरीवर जीव टाकणारा. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर आणि मित्रांच्या तालमीची ती कॅसेट. पहिल्यांदा ऐकली आणि मी खुळावलोच. टोनी म्हणाला, ही आमच्या आज्यांची गाणी आहेत, आम्ही फक्त वीज जोडली. तुमच्याकडे अशी गाणी नाहीत?

होती की. बीदरजवळच्या निर्ण्यात गयाअक्का होती.

माझे वडील निर्ण्याच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे तिची ओळख. नवऱ्याबरोबर दोन एकर कसायची. ती मंडळी बौद्ध. जयंतीला तिचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जायचा, पण खरी ती जात्यावरची. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती आणि जातं कोपऱ्यात पडून होतं. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो – मामांनी मस्कतहून आणलेला, माझा अगदी जीव की प्राण – आणि म्हणालो, अक्का, ओव्या म्हणा. ती हसायला लागली. "नुसतं बसून कसं म्हणू अण्णा? दळण नसल्यावर गाणं कुठून येतंय?" जातं मांडलं, ज्वारी ओतली, तेव्हा कुठे आवाज निघाला. गाण्यासाठी म्हणून त्या बाईने तासभर खरंच दळलं. कपाळावरचा घाम पदराने पुसत कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून दिल्या. तिची पाच-सहा वर्षांची लेक प्रज्ञा दाराशी बसून तोंडावर हात दाबून हसत होती. शेवटची ओवी तिच्यावरच होती –

दळण सरंना बाई, पीठ सुपात माईना
शाळंला गेली लेक, तिच्याबिगर घर गमंना

ऐकवा म्हणाली, तर सेल उतरलेले. पुढच्या खेपेला ऐकवतो, म्हणालो. आणि तिच्यासमोर मोठ्या ऐटीत कॅसेटच्या पाठीमागच्या दोन खुंट्या पेनने मोडल्या. त्या काळी कॅसेट वापरलेल्यांना ठाऊक असेल, त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. म्हणालो, अक्का, आता हे कुणालाही पुसता येणार नाही. तिने कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

महिन्याभरात टोनीला घरून तार आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हैदराबादच्या गाडीने तो निघणार. त्याची गाणी जाणार! मी हातापाया पडून कॅसेट आणि त्याचा टेप दुपारपुरता मागून आणला. नक्कल करायची पद्धत म्हणजे दोन टेप समोरासमोर ठेवायचे, खिडक्या लावायच्या आणि श्वास धरून बसायचं. पण कोरी कॅसेट? बीदरमध्ये तेव्हा मिळायची नाही, हैदराबादहून आणायला लागायची. आणि घरात होती –

घरात गयाअक्काची कॅसेट होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. एकच होती, नाइलाज होता, वय होतं. ऐकायला बरं वाटतं, नाही? तुम्हीही मान डोलावली असती.

घरात दोन कॅसेट होत्या.

दुसरी माझ्या आत्याच्या भजनांची. आत्याचा गळा बेताचा. घरात कुणी ती दुसऱ्यांदा लावली नव्हती. खुद्द आत्या धडधाकट होती, चार घरं पलीकडे राहायची, म्हणाल तेव्हा पुन्हा म्हणाली असती. तिच्या कॅसेटच्या खुंट्याही शाबूत होत्या, नुसतं बटण दाबायचं काम. दोन्ही कॅसेट मी टेबलावर शेजारी ठेवल्या होत्या, हे मला स्वच्छ आठवतं. आणि माझा हात आत्याच्या कॅसेटकडे गेलाच नाही. विचार करून टाळलं असंही नाही. विचारच केला नाही – याला काय म्हणायचं? आत्या आपली, घरची. तिचं पुसलं तर घरात बोलणी बसतील. गयाअक्काचं पुसलं तर कोण काय बोलणार होतं? आम्ही सुधारलेली मंडळी. वडील तिच्या घरी चहा पीत. मी तर कॉलेजात समतेवर भाषणं ठोकायचो, बक्षिसंही मिळवायचो.

मोडलेल्या खुंट्यांच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले. तसं केलं की बटण पुन्हा दाबलं जातं, हेही तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही बाजू भरून घेतल्या. आज्यांच्या गाण्यांचा अभिमान ज्यांच्याकडून शिकलो, त्यांचीच गाणी अक्काच्या गाण्यावर ओतली.

बाजाराच्या दिवशी अक्का बीदरला आली की घरी डोकवायची. "ऐकवता का अण्णा?" दोनदा मी मागच्या दाराने सटकलो. तिसऱ्यांदा समोरच गाठ पडली. मशीनने रीळ खाल्लं, असं सांगितलं. त्या काळी मशीन रीळ खायचीच, शंका घ्यायला जागा नव्हती. तिचं तोंड जरा उतरलं आणि मग तीच माझी समजूत काढायला लागली. "जाऊ द्या वो. जीवाला कामून लावून घ्यायलाव? परत म्हणते की, घेऊन या मशीन." आता घेऊन जायला काय अडलं होतं माझं? काहीच नाही. तिच्यासमोर पुन्हा त्या जात्याशी बसायची लाज वाटली, एवढंच. आणि लाज वाटते म्हणून मी गेलो नाही, आणि गेलो नाही म्हणून लाज वाढत गेली. पाचेक वर्षांत ती तापाने गेली. तिचा आवाज दुसऱ्या कुणी धरून ठेवला नव्हता.

प्रज्ञा आता कलबुर्गीत एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. माझी बायको गेली तेव्हा ती भेटायला आली होती. जाताना उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "सर, आईचं गाणं तुम्ही टेप केल्तं बघा. मी दाराशी बसले होते. त्यातलं कायच उरलं न्हाई का वो? फोटू हाय घरात, पण तिचा आवाज मला आता आठवंना झालाय." साठीकडे झुकलेली बाई, आणि विचारताना चेहरा पोरीसारखा झाला होता. मी म्हणालो, मशीनने रीळ खाल्लं. तेच वाक्य. बायकोच्या दहाव्याच्या आत, तिच्या फोटोसमोर उभं राहून.

त्यानंतर दोनच महिन्यांत ट्रंक उघडली.

माझी लेक बेंगळुरूत आवाजाचंच काम करते, जाहिरातींचं. तिने कॅसेट नेली. रीळ इतकं जुनं झालेलं की एकदाच वाजलं, आणि वाजता वाजता वरची तपकिरी पूड सगळी सुटून आली. पण तेवढ्यात तिने सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मग मला बोलावून कानाला हेडफोन लावले. "बाबा, इंग्रजी गाणी संपल्यावर शेवटी अकरा सेकंद कुणीतरी बाई आहे."

जात्याची घरघर हळू होत थांबली. '–बिगर घर गमंना.' मागे एक लहान पोर खुदकन हसलं. आणि अक्काचा आवाज, धापा टाकत, "झालं का अण्णा? आलं का ह्यात?"

लेकीने तीनदा वाजवलं. टोनीची गाणी रिळापेक्षा अकरा सेकंदांनी कमी पडली होती. तेवढी अक्का उरली होती, आणि तेवढी प्रज्ञा.

आता सांगा, काय करायला हवं होतं? दुसरीतलं पोरही सांगेल. फोन उचलायचा, ये म्हणायचं. पण मग ती विचारणार, रीळ खाल्लं होतं ना? बाकीचं कुठंय? यावर ही इंग्रजी गाणी कशी? कुणी भरली? लेक शेजारी बसलेली, बापाकडे कौतुकाने पाहत. 

"हे ठेवायचं का?" लेकीने विचारलं.

म्हणालो, शेजारपाजारचा आवाज असेल, काढून टाक. तिने काढला. मूळ फाइल राहू देऊ का, हेही तिने विचारलं. मुलगी शहाणी आहे, कामात नीट आहे. मी म्हणालो, कशाला उगाच जागा अडवायची?

पहिल्या वेळी मी वीस वर्षांचा होतो. या वेळी सत्तरीचा होतो, आणि काय पुसतोय ते मला पूर्ण ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात पेपरात माझ्यावर छापून आलं, फोटोसकट. त्या संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. "अभिनंदन सर. इंग्रजी गाणी ऐकले बघा मोबाइलवर. समजलं कायच न्हाई, पण शेवटपर्यंत ऐकले."

मी थँक्यू म्हणालो, आणि शाळा कशी चाललीय ते विचारलं.