लहू तांडेलचा वळसा

वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या लहू तांडेलला मोटारसायकल चालवता येत नाही. सायकलही धड येत नाही. तरी गेली चार वर्षं 'खाडीपल्याड' नावाचा वीसेक बाइकवाल्यांचा ग्रुप महाराष्ट्रभर हिंडतो, तो त्याने आखून दिलेल्या रस्त्यांवरून. अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवलीची ही पोरंपोरी. शनिवारी पहाटे जोगेश्वरीच्या एका पेट्रोलपंपावर जमतात, हँडलला फोन अडकवतात आणि लहूकाकाने पाठवलेली नकाशावरची निळी रेघ उघडतात. बासष्टाव्या वर्षी म्हातारा शिंगं मोडून वासरांत शिरला, असं बंदरावर बोलतात. बोलोत बापडे. त्यांच्यातल्या एकालाही वेसाव्यापासून गुहागरपर्यंतचा रस्ता पावलापावलाने सांगता यायचा नाही.

हे सुरू झालं ते पूर्वीमुळे. पूर्वी ही लहूच्या धाकट्या भावाची, खंडूची मुलगी. अंधेरीत एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि पगारातून घेतलेल्या बाइकवर जीव टाकते. पहिल्याच लांबच्या सफरीत फोनने तिला जवळचा रस्ता म्हणून एका भातखाचरात नेऊन सोडलं. चिखलाने माखून ती काकाच्या ओट्यावर येऊन बसली. लहूने नुकतीच बोट विकली होती. गुडघे गेले होते आणि दिवस खायला उठत होते. त्याने तिचा फोन हातात घेतला, तो नकाशा बोटांनी मोठा केला, लहान केला.

"या यंत्राला फक्त अंतर कळतं," तो म्हणाला. "ऊन कुठनं येतं, वारा कुठनं मारतो, काय नाय कळत."

पुढचा रस्ता त्याने आखून दिला, आणि त्यापुढचे सगळेच.

त्याची पद्धत समुद्रावरची होती. संध्याकाळी पश्चिमेला जाणारा रस्ता तो टाळायचा, कारण मावळतीचं ऊन डोळ्यांत गेलं की समोरची म्हैस दिसत नाही. मुक्कामाला पोहोचायची वेळ अंधाराच्या दीड तास आधीची धरायचा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचंच, पुढे पंप असो वा नसो. नकाशा आदल्या दिवशी फोनवर उतरवून ठेवायला लावायचा, घाटात रेंज गेली तर बोंब नको. रस्ता आखायचा म्हणजे नकाशावर पॉइंट ठोकत जायचं, ते अ‍ॅप रेघेने जोडतं. दोन पॉइंटांमध्ये लांब अंतर सोडलं की अ‍ॅप आपल्या मनाने जवळची वाट काढतं, हे त्याने पहिल्या महिन्यातच ओळखलं. म्हणून जिथे वळसा हवा तिथे तो तीन-तीन पॉइंट ठोकायचा, तेही नकाशा मोठा करून, बरोबर डांबरावर. पॉइंट चुकून शेजारच्या गल्लीत पडला तर यंत्र बाइकवाल्याला पाच-पाच मैल 'मागे वळा' म्हणत बसतं.

आणि दर गुरुवारी तो फोन फिरवायचा. म्हसळ्याचा पंक्चरवाला, पालीची चहावाली, जेट्टीवरचा तिकीटवाला, सगळे त्याचे दोस्त झाले होते. एकालाही त्याने पाहिलं नव्हतं. कुठे पूल खचलाय, कुठे रस्ता उकरलाय, हे त्याला गावच्या सरपंचाआधी कळायचं.

पण एक गोष्ट तो कधीच करत नसे. वळसा का घातलाय, ते सांगत नसे.

"काका, इथे एवढं फिरवलंयस का रे?" पूर्वी विचारायची.

"दिलाय तसा जा."

ग्रुपमध्ये याला 'लहूकाकाचा वळसा' म्हणत आणि हसत. लहूला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याने सुकाणू फिरवलं तर खलाशी का म्हणून विचारत नाहीत. त्यातून कोळीवाड्यात ज्याने त्याने आपल्या जीपीएसमध्ये साठवलेले पॉइंट म्हणजे घरातलं सोनं. मासळी कुठे लागते आणि जाळं कुठे फाटतं, हे तीस-चाळीस वर्षांनी कळतं आणि ते कुणी सख्ख्या भावालाही देत नाही. दुसरी बोट जवळ आली की लहू डब्यावर रुमाल टाकायचा. डबा म्हणजे बोटीवरचं जीपीएस. बोट विकली तेव्हा घेणाऱ्याने हातापाया पडून मागितला, तरी त्याने डबा दिला नाही. त्रेचाळीस पॉइंट होते त्यात. लुंगीत गुंडाळून तो लोखंडी कपाटात ठेवला होता.

"तुझ्यासंग चितेवर ठेवू काय तो?" त्याची बायको कमळ म्हणायची. ती बाजारात मासळी विकते आणि घरातही त्याच आवाजात बोलते. "खंडूचा प्रज्योत त्याच पान्यात बोट घेऊन जातो. न तुझा डबा कपाटात कुजतोय."

लहू उठून कपाट नीट बंद आहे ना ते बघायचा. कारण त्रेचाळीसातला एक पॉइंट त्याला कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता.

सतरा नंबर. तिथे तळाशी एका बुडालेल्या बार्जचा, माल वाहणाऱ्या सपाट जहाजाचा, सांगाडा आहे. लहूचं जाळं एकदा त्याला निसटतं लागलं होतं, तेव्हा त्याने तो पॉइंट साठवला आणि गप्प राहिला. दोन वर्षांनी एका सकाळी दोघा भावांच्या बोटी मागेपुढे निघाल्या होत्या. त्या दिवशी खंडूचं जाळं सांगाड्यात अडकलं, दोर ताणला, आणि दोर आणि कप्पी यांच्यामध्ये खंडूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

सारं वेसावं लहूला विचारायला आलं, तुला ठाऊक होतं काय? "मना काय ठाव!" असं लहू सगळ्यांना म्हणाला. खंडूने मात्र विचारलंच नाही. त्याने बोट सोडली, मढच्या फेरीबोटीवर कामाला लागला, आणि थोरल्या भावाशी बोलणं टाकलं. कोळीवाड्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. ती हाक लहूला अकरा वर्षांत ऐकू आली नव्हती. पोरं दोन्ही घरांत यायची-जायची, त्यांना कुणी अडवलं नाही. मोठ्यांचंच काय ते अडलं होतं.

गेल्या डिसेंबरात ग्रुप हरिहरेश्वरला निघाला. लहूने नेहमीसारखी रेघ पाठवली. म्हसळ्याच्या पुढे एका उतारावर त्याने वळसा दिला होता, वरच्या गावातून चौदा मिनिटं जास्तीचा. पंक्चरवाल्याने सांगितलं होतं, की त्या उतारावर जांभ्याच्या खाणीचे ट्रक तांबडी माती सांडत जातात. दुपारी काही नाही, पण पहाटेचं दव तिथल्या सावलीत दुपारपर्यंत वाळत नाही, आणि तोवर तिच्यावर साबण लावल्यासारखं चाक सरकतं. लहूने तीन पॉइंट ठोकले. कारण लिहिलं नाही.

पूर्वी सगळ्यांच्या पुढे होती. कुणाची तरी चेन उतरली होती, नाश्त्याला वेळ गेला होता. फोनवर तिला रेघेचा तो फुगवटा दिसला. तिने दुसरं अ‍ॅप उघडलं. सरळ गेलं तर चौदा मिनिटं वाचतात, असं ते म्हणालं.

"काकाचा वळसा, यार," ती मागच्या बाइकवरच्या सौरभला ओरडून म्हणाली, "सोड, सरळ जाऊया."

ती पडली म्हणून मागचे थांबले. नाहीतर ओळीने सगळे आडवे झाले असते.

सौरभचा फोन आला तेव्हा लहू ओट्यावर पुढच्या महिन्याचा रस्ता बघत होता. "काका, पूर्वी पडलीय. शुद्धीवर आहे, हाड मोडलंय. आम्ही तिला अंधेरीला घेऊन येतोय." कुठे, असं लहूने विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्याला ते कळलं होतं. त्याने फोन खाली ठेवला. अकरा वर्षांपूर्वी बंदरावर खंडूला उतरवलं होतं, तो दिवस त्याच्यासमोर उभा राहिला.

हॉस्पिटलात पूर्वी उशीला टेकून बसली होती. उजव्या खांद्यापासून गळ्यापर्यंत पट्टे, गालावर तांबडी माती अजून तशीच. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी सगळं शाबूत होतं. खाटेच्या पलीकडे स्टुलावर खंडू होता. लहूला बघून तो उठला नाही. लहू दारापाशीच उभा राहिला.

"ये ना काका," पूर्वी म्हणाली. तिला बोलताना दुखत होतं. मग तिने सरळच विचारलं, "तिथे माती होती ते तुला माहीत होतं?"

"हो."

"मग लिहिलं का नाहीस? दोन शब्द, काका. 'माती आहे.' मी काय वेडी आहे का तरी तिथनं जायला?"

लहू काय सांगणार? आमच्यात सांगत नाहीत, असं? ज्या पोरीला त्याने बोटाला धरून बंदरावर फिरवलं, तिला तो रस्ता दाखवत होता, आणि रस्त्यावरचं मरण मात्र रुमालाखाली झाकून ठेवत होता. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याने खंडूकडे पाहिलं. खंडूची नजर खाली होती, डावा हात मांडीवर. तीन बोटांचा.

"खंडू," लहू म्हणाला, "सतरा नंबरचा पॉइंट. बार्जचा. मना ठाव होता."

पूर्वीला काही कळलं नाही. ती एकदा काकाकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. खंडूने मान वर केली नाही.

"मना म्हायती हाय," तो म्हणाला.

"काय म्हायती हाय?"

"तुना ठाव होता ते. मी तुझ्या मागं होतो ना त्या दिवशी. तू वळलास ते मी पाहिलं. एवढा मोठा वळसा घातलास." खंडूने डावा हात उलटा करून पाहिला. "मना वाटलं, पलीकडं मासली लागलीय न तू मना चकवतंस. म्हणून मी मुद्दाम सरळ गेलो."

लहू भिंतीला टेकला. अकरा वर्षं त्याने हा प्रसंग मनात हजार वेळा चालवला होता आणि प्रत्येक वेळी खंडूची बोट आंधळी येत होती. ती डोळे उघडे ठेवून आली होती. लहूवर विश्वास नव्हता म्हणून आली होती, आणि तो नसावा असंच लहू आयुष्यभर वागला होता.

"वळताना एक हात केला असतास," खंडू म्हणाला, "तरी मी थांबलो असतो."

लहू रडला. हॉस्पिटलात, परक्या माणसांसमोर, बासष्ट वर्षांचा तांडेल तोंडावर हात घेऊन रडला. कुणी त्याची समजूत काढली नाही. नर्स आली, सलाईन बघून गेली. मग खंडूने दुसरं स्टूल पायाने पुढे ढकललं. लहू त्यावर बसला.

"किती हायत डब्यात?" खंडूने विचारलं.

"त्रेचाळीस."

"सगले मासलीचे?"

"नाय. सव्वीस मासलीचे. बाकी जालं फाटायचे."

"उद्या प्रज्योत पहाटे निघतोय," खंडू म्हणाला. "त्याच पान्यात."

लहू उठायला लागला. "घरी जाऊन डबा आनतो."

"डबा कशाला? तुना तोंडपाठ हायत." खंडूने तीन बोटांचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून त्याला खाली बसवलं. "फाटायचे आधी. सांग, दादूस."

पूर्वीने डाव्या हाताने उशाखालचा फोन काढला आणि प्रज्योतला मेसेज लिहायला घेतला. "हळू सांग काका, मला एकाच हाताने लिहायचंय. आणि प्रत्येक पॉइंटाला तिथे काय आहे तेही सांग."

लहूने डोळे पुसले. अक्षांश-रेखांशांचे आकडे मिटल्या डोळ्यांपुढे ओळीने उभे होते, एकपासून त्रेचाळीसपर्यंत. त्याने एकपासून सुरुवात केली नाही.

"सतरा," तो म्हणाला. "बुडालेली बार्ज. तुझ्या बापाची बोटं हितं गेली. मना ठाव होतं न मी सांगलं नाय. असंच लिव."