उतरता तळहात

आबांना काही सांगायचे असले, की तोंडाआधी उजवा हात उठे. अंगठा ओठांकडे झुकला म्हणजे चहा, मूठ वळली म्हणजे थांब. तुम्ही कधी यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहिला असाल, तर यात नवल वाटणार नाही. त्या खडखडाटात शब्द पोचतच नाही. आबांनी माधवनगरला पस्तीस वर्षे जॉबर म्हणून बिघडलेले माग दुरुस्त केले. त्यात कान गेले आणि हात बोलके झाले.

"हात बग, तोंड नगं बगूस," हे त्यांचे ठरलेले वाक्य. भाजीवाल्यालाही तेच, कुत्र्यालाही तेच.

शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करून, संशोधनाच्या जागांसाठी अर्ज पाठवून मी घरी उत्तराची वाट पाहत अडकले होते. आमच्या आणि आबांच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत. पलीकडे, बायको वारल्यापासून, आबा आणि त्यांचा तांबूस कुत्रा वाघ्या एवढेच. एकदा मागून आलेल्या ट्रॅक्टरचा भोंगा आबांना ऐकू आला नाही, थोडक्यात वाचले. साताऱ्याहून मुलगा धावत आला. आता एकटे राहायचे नाही, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये चला, असे त्याने वहीत लिहून सांगितले. वाघ्यालाही नेऊ, पण दाराची घंटा वाजल्यावर तो माणसांच्या अंगावर धावता कामा नये. महिन्याभरात त्याला खुणेसरशी आडवे पडायला शिकवा, नाहीतर तो इथेच राहील.

आबा त्याच संध्याकाळी कामाला लागले. तळहात जमिनीकडे करून सावकाश खाली न्यायचा. वाघ्या आडवा झाला की भाकरीचा तुकडा. आठवड्याभरात जमले. आबांनी मला भिंतीपाशी बोलावून दाखवले. मग ऐटीत खुर्चीवर बसून तोच हात केला, तर वाघ्या शेपटी हलवत उभाच.

"लय हट्टी हाय. माज्यावानी," आबा म्हणाले, पण चेहरा उतरला होता.

मी मोबाइलवर चित्रण केले आणि ते संथ गतीने पाहिले. चूक वाघ्याची नव्हती. जन्मभर मागावर वाकलेल्या या माणसाचा हात कंबर वाकल्याशिवाय खाली जातच नव्हता. वाघ्या हात पाहत नव्हता. तो वाकणारी पाठ वाचत होता. खुर्चीत पाठ ताठ राहिली, म्हणजे त्याच्या लेखी खूण झालीच नाही. हे मी वहीत लिहून दिले. आबांनी ते दोनदा वाचले.

"जॉबर मी, आन् बिगाड तू काडलास व्हय गं?"

मग मी त्यांची पाठ भिंतीला टेकवली, कोपर बरगडीशी धरायला लावले. हलायचे ते फक्त मनगटाने. पाठ सुटली की मी बोट उगारी आणि ते मुकाट मागे टेकत. महिना संपता संपता तळहात चार बोटे उतरला तरी वाघ्या पुढचे पाय पसरून आडवा होऊ लागला. मुलाने येऊन स्वतः खूण करून पाहिली. वाघ्या पडला. आबांनी डोळे पुसले. मला प्रयोग यशस्वी झाल्याचा निखळ आनंद झाला.

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याला गेले, तेव्हा त्यांना भेटले. फ्लॅट स्वच्छ, उबदार; सूनबाईंनी आग्रहाने जेवू घातले. गॅलरीला वरपर्यंत जाळी. आबांचे हात मांडीवर स्थिर होते. खाली फिरायला जाता ना, असे मी वहीत विचारले.

"चाळीस माग सांबाळलं, आन् लिफ्टचं बटन झेपायचं न्हाई म्हनत्यात मला."

तेवढ्यात घंटा वाजली. ती आबांना ऐकू आली नाही; पण वाघ्याचे टवकारलेले कान पाहून ते लगबगीने उठले. आतून मुलगा आला. राहू द्या, मी बघतो, एवढेच त्याला मायेने सांगायचे असावे. त्याने तळहात जमिनीकडे केला आणि सावकाश खाली आणला.

वाघ्या आडवा झाला. आबा खुर्चीत बसले.