दारू सोडलेल्यांचा मांगर

दारुड्याला खोलीत कोंडा, तीन दिवसांत दारू सुटते, असं मी माझ्या हँडबिलात छापलं होतं. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही. दुसऱ्या कुठल्याशा पत्रकात वाचलं आणि उचललं. तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गुत्त्यासमोर उभा राहून ओरडायचो: सरकार ठेका देतं, गुत्तेवाला माजतो आणि पोरंबाळं उपाशी निजतात. त्यातलं एक अक्षर मी आजही मागे घेत नाही. पण ते कोंडायचं वाक्य मी आधी आमच्याच घरात वापरून पाहिलं.

दादा, माझा थोरला भाऊ, बोटीवर बॉयलरला कोळसा घालणारा आगवाला होता. रजेवर आला की दोन दिवस माणसात असायचा, मग गुत्त्यात. त्या रजेत वैनीनं माझ्यापुढे हात जोडले. मी त्याला कोठीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पहिला दिवस शिव्यांत गेला. दुसऱ्या दिवशी शिव्या थांबल्या, म्हणून मी खूश. दार उघडलं तर हा भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाला, "बोट कधी सुटणार हो, साहेब?"

दुपारी त्याला आकडी आली. दात आवळले, डोळे पांढरे झाले. "भावजी, गेले हो हे!" वैनी किंचाळली.

गेला नाही. डॉक्टरांनी वाचवला. निघताना ते मला अंगणात म्हणाले, "मुरलेला पिणारा असा एकदम तोडला तर मरतो. ही अक्कल कुठून आणलीस?" हँडबिलाचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. खाली मान घालून विचारलं, "आता पुढे?" तेव्हा कळलं, खाडीपलीकडच्या भाट्याला दारू सोडलेले सात-आठ जण दर गुरुवारी दिवेलागणीला एकत्र बसतात. तीच प्यायची वेळ, ती एकमेकांच्या आधारानं काढतात. कुठे बसतात, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. दादाच्या रजेचे पंधरा दिवस उरले होते. त्यानं पुन्हा बाटली धरली, तर बोटीवर ती एकदम तुटताच पुढची आकडी भर समुद्रात येणार होती.

गुरुवारी खाडी ओलांडायला तरीत बसलो आणि तरवाल्याला विचारलं. त्यानं वल्हं थांबवलं नाही. "दारू सोडलेले? आमच्यात कोण पीतच नाय."

"वा! गेल्या महिन्यात तर सगळा गाव पीत होता," टोपली घेऊन बसलेली मासेवाली म्हणाली. "ह्यांच्याच कागदात होतं ना?"

तरीतले सगळे हसले. महिन्यापूर्वी मी गावोगावच्या मद्यपींवर एक हँडबिल काढलं होतं. नाव एकाचंही दिलं नव्हतं, याचा मला केवढा अभिमान! पण 'एक डोळा अधू, दारात बरका फणस' एवढं लिहिल्यावर कोकणात आणखी नाव कशाला लागतं?

भाट्याला पहिल्या घरानं कवाड लावून घेतलं. दुसऱ्या घरची म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, "आता कोणाला छापायला आलास रे मेल्या?" माराला मी भीत नव्हतो, गुत्त्यावर मार खाल्ला होता, मिरवलाही होता. ही भीती निराळी होती. जागा इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे, पण मला कुणीच सांगणार नाही, आणि त्यापायी दादा मरेल. मी एका माडाखाली जाऊन बसलो.

कुणीतरी आत वर्दी दिली असावी. जाळी ठेवायच्या एका मांगरातून एक माणूस बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा एक डोळा अधू होता.

"बोल. काय छापायचं ऱ्हायलं?"

"काही नाही. माझा भाऊ..." म्हणून मी सगळं ओकलो. कडी, मुंग्या, आकडी.

"कोंडायला कोणी सांगितलं?"

"मीच छापलं होतं."

तो हसलासुद्धा नाही. "तुजा कागद आला तवा मला दारू सोडून चार महिने झाले होते. ते नाय छापलंस. माजी पोरगी त्या दिसापास्नं शाळंत जात नाय."

हा आता नाही म्हणणार, असं धरून मी माडाखालून उठलो.

"भावाला आण," तो म्हणाला. "तू आत यायचं नाय."

पुढच्या गुरुवारी दादाला नेलं. तरीत त्याचे हात एवढे थरथरत होते की त्यानं ते मांडीखाली घातले. मांगराच्या दारात तो थबकला आणि माझ्यादेखत त्या माणसाला म्हणाला, "मी काय बोललो ते ह्याला कळणार नाही ना?"

"नाय."

मग दादा आत गेला. मी बाहेर उभा. आतून कुणाचा तरी हळू आवाज येत होता. तो दादाचा की दुसऱ्या कुणाचा, कळेना. कुडाच्या भिंतीला कान लावायला दोन पावलं पुढे गेलोही. आणि थांबलो. मला तिथे बघितलं तर तो उठून तडक गुत्त्याकडे जाईल, या धास्तीनं मागे फिरलो आणि तरीपाशी जाऊन बसलो.

शेवटची तर सुटायच्या बेताला तो आला. डोळे सुजलेले होते, चाल सरळ होती. आत काय झालं ते मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.