सोमवारचा डाग

भाईंदरच्या धर्माजीची अर्धी हयात मिठागराचा तळ फळीने सपाट करण्यात गेली होती. १९६८ साली तो परळच्या एका कॅन्सर प्रयोगशाळेत हरकाम्या म्हणून लागला. तिथे काचेच्या पट्ट्यांवर पांढऱ्या भुकटीचा लेप द्यावा लागे. धर्माजीइतका एकसारखा लेप शिकल्यासवरल्यांपैकी एकालाही जमेना. याची त्याला ऐट होती, आणि का नसावी?

त्या पट्ट्यांवर डॉक्टर आशाबाई रोग्यांच्या गाठींतली चरबी तपासत. पट्टी द्रावणात उभी केली की चरबीचे घटक वेगवेगळ्या उंचीवर चढत, आणि आयोडीनची वाफ दिली की त्यांचे पिवळे डाग उमटत. कॅन्सरच्या पेशीत चरबी कातरणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जास्त जोरात चालतं का, हे बाईंना बघायचं होतं. चालत असेल, तर त्याला आवर घालणारं औषध शोधता येईल. आणि गाठींच्या पट्ट्यांवर कातरलेल्या चरबीचा म्हणावा असा एक जास्तीचा डाग दिसलाच! निरोगी मांसाच्या पट्ट्यांवर तो नव्हता. बाई हरखून गेल्या.

धर्माजी मात्र आपल्या बोटांकडे बघत राहिला. ऑपरेशनं शनिवारी होत, म्हणून गाठींच्या पट्ट्या सोमवारी बनत, निरोगी मांसाच्या मागाहून. रविवारी तो भावाच्या मिठागरावर राबायचा. खाऱ्या पाण्याने हात फाटतात, म्हणून तिथे सगळेच खोबरेल चोळून उतरत. ते तेल साबणाला दाद देत नाही. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. बोलला तर नोकरी जायची, तीही अजून कच्ची.

तरी बोलला. "बाय, तो डाग माज्या हाताचा हाय. गाठीचा न्हाय." त्याने कोऱ्या पट्टीच्या कडेला बोट टेकवलं आणि ती तपासायला लावली. डाग नेमका गाठींच्या पट्ट्यांवरच्याच उंचीवर आला.

बाईंनी गाठींच्या सगळ्या पट्ट्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "धर्माजी, सगळं पहिल्यापासून करायचं. पण लेप तुम्हीच द्यायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

सहा महिन्यांनी पाहिलं तर तेलाचा डाग गेला होता. त्याच्याआड दडलेला एक फिकट डाग मात्र राहिला होता, फक्त गाठींच्या पट्ट्यांवर. तेवढाच खरा. बाईंनी तो मोठ्या साहेबांना दाखवला, तेव्हा धर्माजीला शेजारी उभं केलं.

पुढची दहा वर्षं तो दर रविवारी कोरड्या हातांनी मिठागरात उतरला. बोटांना भेगा पडत, रक्त येई. बायको रंभा तेलाची वाटी घेऊन मागे लागे. "लाव की रं जरासं!"

धर्माजी हात मागे घेई. "उद्या सोमवार हाय."