टोप माझ्याकडे, सासूबाई तिच्याकडे

मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरची... असलं काही कोणी बोललं की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच. त्यामुळे इथे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. आणि एक आधीच सांगून ठेवते — अनुभव मला आलेला नाही. आजार माझा, अनुभव माझ्या धाकट्या जावेला. माझं खरं दुखणं ते आहे.

आम्ही लालबागला राहतो, जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये. धाकटे दीर आणि मानसी प्रभादेवीला. सासूबाई मालवणकडच्या. शेवटची वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या, आणि होत्या आमच्याकडे. त्यांचं सगळं अंथरुणातलं मी केलं, शाळा सांभाळून. मानसी रविवारी यायची, हातात मोगऱ्याचा गजरा. की सासूबाई खुलल्याच! "माझी मानसी इली गो!" राबायला मी आणि लाडाला ती. जाताना पाटल्या मानसीला ठेवून गेल्या. मला एकटीला जवळ बोलावून काय सांगितलं, तर "माळ्यावरचो टोप तू घे."

पितळेचा टोप. मानसी लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासून गोणपाटात बांधून माळ्यावर पडलेला. मी तो हट्टाने काढला. कल्हईवाले हल्ली दिसतात कुठे? खाली एकाची हाळी ऐकू आली तशी धावत उतरले आणि त्याच्याकडून आतून चकचकीत करून घेतला. रोज त्यात कोकमाच्या सोलांचं सार करायला लागले. ह्यांना आंबट चालत नाही, त्यामुळे सार फक्त माझं. मानसी यायची असली की टोप कपाटात. तिला पाटल्या मिळाल्या, मी तिच्यापुढे टोपाचं कौतुक सांगत बसू?

त्यानंतर माझी तब्येत बिघडली ती बिघडलीच. पोटात पीळ पडायचा. थकवा इतका, की फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या खाऊनही कमीच. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, पथ्यं झाली. पोटाचे डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, बायकांच्या डॉक्टर म्हणाल्या वय आहे, आणि एकाने तर सरळ सांगितलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." आपल्याला नक्की काय झालंय हे कोणालाच ठाऊक नाही, याची भीती दुखण्यापेक्षा वाईट असते. मी मनातल्या मनात आवराआवर करायला लागले होते.

अशा एका दुपारी बेल वाजली. दारात मानसी. टॅक्सीने आलेली, केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला.

"वहिनी, तुमच्याकडे कल्हई केलेला टोप आहे?"

मनात म्हटलं, आता तोही हवाय हिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी."

ती म्हणाली, चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याखाली बसल्या होत्या. पाय पसरून, लसूण सोलत. गेल्यात हे क्षणभर लक्षातच आलं नाही. "आई, तुम्हाला टाकू का चहा?" असं विचारलंसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या — "थोरलेक सांग, टोपाची कल्हई खोटी आसा. त्यातला सार पियां नको म्हणान सांग." मानसी दूध घ्यायला वळली आणि परत बघते तर कोणी नाही. लसणाचा वास मात्र होता, म्हणे. त्या दिवशी तिच्या घरात लसूण नव्हता.

आता तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे! माझं अंग रागाने पेटलं. "तुझ्याकडे आल्या?" एवढंच तोंडातून निघालं.

तरी सार बंद केलं. पुढच्या तपासणीला नवीन डॉक्टरीणबाई होत्या. सासूबाईंचं सांगितलं नाही, टोपाचं तेवढं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला नीट विचारलं, किती दिवस, रोज का, आंबटच का. मग रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं. ते निघालं, चांगलंच वाढलेलं. त्या म्हणाल्या, कथलात शिसं मिसळून कल्हई करतात काही जण, आंबटात ते उतरतं. धातू-अधातू दरवर्षी फळ्यावर लिहिणारी मी! काखेत कळसा नि गावाला वळसा. टोप गेला, औषधं झाली, हळूहळू रक्त सुधारलं. आज मी न थांबता शाळेचे जिने चढते.

टोपाचं ह्यांनी भावाला सांगितलं असेल असा संशय घेऊन झाला. हे गणपतीसमोर उभे राहून नाही म्हणाले. आणि कल्हई खोटी आहे हे तर ह्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

पण माझी जळजळ काही गेली नाही. शेवटी मानसीला विचारलंच, "केलं सगळं मी. मग माझ्याकडे का नाही आल्या?"

तिने कप खाली ठेवला. "वहिनी, माझं अर्धं डोकं कॉलेजपासून दुखतंय. सगळे स्कॅन झाले, अंधार करून पडून राहते. त्या दुपारीपण दुखत होतं. माझ्या घरात आल्या, माझ्यासमोर बसल्या, आणि बोलल्या फक्त तुमचं. माझ्या डोक्याचं एक अक्षर नाही." बोलता बोलता रडायला लागली. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हेव्याचं होतं, मी चांगलं ओळखते ते. खोटं कशाला बोलू... मला फार बरं वाटलं.

आता मी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाते. ती काय खाते, किती झोपते, कुठल्या वासाने दुखतं, सगळं बघणं चालू आहे. अजून काही सापडलेलं नाही. त्या दुपारी काय घडलं त्याचं उत्तरही माझ्याकडे नाही.

हल्ली शाळेतून आले की आधी ओट्याखाली बघते. निरोप माझा होता तेव्हा तिच्याकडे आल्या ना? मग तिचा निरोप द्यायला माझ्याकडेच यायला हवं.